ऑस्टिन ते फिनिक्स : हद्दपारीबाबत ट्रम्प यांची भूमिका नक्की कोणती धरायची?

कॅरीकर (नॉर्थ कॅरोलायना) | ३ सप्टेंबर २०१६

नमस्कार मंडळी,

येत्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी आमच्या घरात दोन मते आहेत आणि दोन्ही अजून ठरलेली नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाने २००८ साली ओबामांना निसटता कौल दिला आणि २०१२ साली रॉम्नींना, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मित्रांप्रमाणे ‘आपल्या एका मताने काय होणार’ असे म्हणून आम्हाला मोकळे होता येत नाही. कर, आरोग्यविमा, सर्वोच्च न्यायालयातील रिकामी जागा या विषयांवर हिलरी क्लिंटन आणि ट्रम्प हे दोन्ही उमेदवार कोठे उभे आहेत, हे पटो न पटो, निदान कळते तरी. स्थलांतरितांच्या हद्दपारीवर मात्र डोनाल्ड ट्रम्प यांचे गेल्या पंधरवड्यातले तळ्यात-मळ्यात पाहून आम्ही पुरते गोंधळलो आहोत.

घटनाक्रम आठवून पाहा. गेल्या नोव्हेंबरात मिलवॉकीच्या वादचर्चेत त्यांनी आयझेनहॉवर यांच्या काळातल्या, म्हणजे १९५४ सालच्या, सामूहिक हद्दपारीचा कौतुकाने दाखला दिला आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलाखतीत त्यासाठी ‘हद्दपारी दल’ उभारण्याची भाषा केली. कागदपत्रांविना राहणारी सुमारे १ कोटी १० लाख माणसे परत गेलीच पाहिजेत, हा त्यांच्या प्राथमिक फेरीतील प्रचाराचा कणा होता. त्यानंतर या २० ऑगस्टला त्यांनी हिस्पॅनिक सल्लागारांची बैठक घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रचार व्यवस्थापक केलीअ‍ॅन कॉनवे यांना त्या दलाविषयी विचारले तेव्हा ते अजून ठरायचे आहे, असे उत्तर मिळाले. त्याच आठवड्यात टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे फॉक्स न्यूजचे शॉन हॅनिटी यांच्या कार्यक्रमात ट्रम्प यांनी भूमिका सौम्य होऊ शकते, असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. इतकेच नव्हे, तर पंधरा-वीस वर्षे इथे राहिलेल्या, थकलेला कर भरायला तयार असलेल्या सज्जन माणसाचे काय करायचे, असा प्रश्न त्यांनी समोर बसलेल्या श्रोत्यांनाच विचारला आणि टाळ्या-आरोळ्यांवरून कौल घेतल्यासारखे केले. २५ तारखेला सीएनएनवर सूर पुन्हा पालटला: देशाबाहेर जाऊन परत आल्याशिवाय कोणालाही कायदेशीर दर्जा नाही. आणि ३१ ऑगस्टला दुपारी मेक्सिको सिटीत अध्यक्ष पेन्या निएतो यांच्या शेजारी उभे राहून सभ्य, मोजूनमापून केलेले भाषण, तर त्याच रात्री फिनिक्सच्या सभेत दहा कलमांची डरकाळी!

माझे प्रश्न असे आहेत. यांतले खरे ट्रम्प कोणते, हे ठरवण्याचा काही मार्ग आहे का? ‘बाहेर जा आणि रीतसर परत या’ ही वाट व्यवहारात कितपत शक्य आहे? आणि तिसरा, थोडा स्वार्थी प्रश्न: आपण आणि आपले नातेवाईक बहुतांशी व्हिसावर येऊन, रांगेत थांबून नागरिक झालेले किंवा होऊ घातलेले लोक. या सगळ्या वादाचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध किती?

कृपया केवळ ‘ते वाईट, हे चांगले’ अशी उत्तरे नकोत. तशी आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज मिळतात.

---

ओक-ट्री (एडिसन, न्यू जर्सी) | ३ सप्टेंबर २०१६

मी ट्रम्प यांना मत देणार आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाची फसगत व्हायला नको.

भूमिका बदलली असे जे म्हटले जाते, त्यात माध्यमांनी शब्दांचा फार कीस काढला आहे. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत, सर्वांना सरसकट माफी नाही, गुन्हेगारांना आधी बाहेर काढायचे आणि नोकरी देणाऱ्याने कामगाराचे कागद तपासायचे, या चार गोष्टी गेल्या ऑगस्टच्या त्यांच्या लेखी धोरणापासून परवाच्या फिनिक्सपर्यंत हललेल्या नाहीत. मधल्या काळात डळमळीत होता तो एकच मुद्दा: गुन्हा न करता दीर्घकाळ राहिलेल्यांचे काय. सौदा करणारा माणूस पहिला आकडा मोठा सांगतो आणि मग खाली येतो, यात अप्रामाणिक काय आहे हे मला समजत नाही.

‘माफी’ या कल्पनेलाच आमच्यासारख्यांचा इतका विरोध का, तेही सांगतो. १९८६ साली रेगन यांनी कायदा करून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला. त्या बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई होईल, सीमा बंद होईल, असे वचन देशाला दिले होते. माफी लगेच मिळाली, कारवाई कागदावर राहिली, आणि आज आकडा एक कोटीच्या वर गेला आहे. तेच २०१३ च्या सेनेटच्या विधेयकात पुन्हा होणार होते. ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी तिथे मंजूर झाले, पण प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतले नाही हे बरेच झाले. माझ्या ओळखीत अशी माणसे आहेत जी ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षांहून अधिक काळ उभी आहेत, नोकरी बदलताना दहा वेळा विचार करतात, वडील आजारी पडले तरी व्हिसाच्या शिक्क्याच्या धास्तीने भारतात जाणे टाळतात. त्यांना कोणी पुरोगामी नेता भेटायला जात नाही.

तळ्यात-मळ्यात करण्याचा मक्ता एकट्या ट्रम्प यांच्याकडे नाही, हेही जरा लक्षात असू द्यावे.

---

कलमबहाद्दर (न्यूअर्कजवळ, न्यू जर्सी) | ४ सप्टेंबर २०१६

मी स्थलांतरविषयक वकिलांच्या कचेरीत काम करतो. मी वकील नाही, तेव्हा हा कायदेशीर सल्ला समजू नये. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या टेबलावरच पडलेले असते, म्हणून तिथून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तरही त्यातच दडले आहे असे माझे मत आहे.

‘बाहेर जा आणि रीतसर परत या’ हे ऐकायला अत्यंत न्याय्य वाटते. अडचण अशी की १९९६ साली काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) मंजूर केलेल्या आणि बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने ही वाट जवळपास बुजवून टाकलेली आहे. जो परदेशी नागरिक १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहिला आणि मग स्वतःहून देश सोडून गेला, त्याला तीन वर्षे परत येता येत नाही. वर्षाच्या वर राहिला असेल तर दहा वर्षे. गंमत पाहा, ही बंदी लागू होते ती माणूस देशाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा, म्हणजे नियम पाळायला निघालेल्यालाच तिचा फटका बसतो. पती, पत्नी किंवा आईवडील नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असतील आणि त्यांना असह्य हाल सोसावे लागतील असे सिद्ध करता आले, तर सवलत मिळू शकते, आणि अर्ज देशात राहूनच करण्याची सोय याच २९ ऑगस्टपासून काहीशी विस्तारली आहे. पण ज्याचे असे कोणी नाही त्याने परत येण्यासाठी कोणत्या रांगेत उभे राहायचे? पदवी नसलेल्या, हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्या किंवा छपरे शाकारणाऱ्या माणसासाठी कायम वास्तव्याची जी रांग आहे, तिच्यात वर्षाला जास्तीत जास्त १० हजार जागा असतात, आणि त्याही साऱ्या जगासाठी. रांग मोडून आलेल्याला रांगेत पाठवा, असे म्हणणाऱ्याने ती रांग कोठे आहे हे दाखवले पाहिजे.

आता फिनिक्सचे भाषण नीट वाचा. ऐकू नका, वाचा. सभेतल्या आवाजाने अर्थ झाकला जातो. त्यात म्हटले आहे की बेकायदा राहणाऱ्याला कायदेशीर दर्जा हवा असेल तर मायदेशी परतून अर्ज करणे हा एकच मार्ग. आणखी पुढे, शेवटाकडे, असे म्हटले आहे की अनेक वर्षांनी, सीमा आणि हद्दपारीची सर्व उद्दिष्टे पूर्ण झाल्यावर, तेव्हा जे उरतील त्यांचे काय करायचे याचा विचार करता येईल. म्हणजे ऑस्टिनमध्ये श्रोत्यांपुढे टाकलेल्या प्रश्नाचे उत्तर फिनिक्समध्ये ‘नाही’ असेही दिले नाही आणि ‘होय’ असेही नाही. नरो वा कुंजरो वा. बहुतेक वृत्तपत्रांनी याला ‘कठोर भूमिकेकडे परत’ असा मथळा दिला, काहींनी ‘मवाळपणाला वाव’ असा, आणि दोघांचेही चुकले नाही.

मग खरे काय धरायचे? मी असा भेद करतो: काँग्रेसला न विचारता अध्यक्ष काय करू शकतो, आणि कशासाठी त्याला काँग्रेसपुढे हात पसरावे लागतात.

हद्दपारीत कोणाला आधी गाठायचे याचा क्रम सध्या गृह-सुरक्षा खात्याच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या एका पत्रकाने ठरतो. त्यात गंभीर गुन्हेगार आणि नुकतेच सीमा ओलांडून आलेले वर आहेत, आणि शांतपणे वर्षानुवर्षे राहणारे तळाशी. ते पत्रक नवा मंत्री एका सकाळी रद्द करू शकतो. लहानपणी आणलेल्या मुलांना काम करण्याचा परवाना देणारी २०१२ ची ‘डाका’ योजना हीसुद्धा कायदा नसून पत्रकच आहे, आणि सात लाखांहून अधिक तरुणांचे नाव, पत्ता, बोटांचे ठसे तिच्या निमित्ताने सरकारकडे जमा आहेत. न्यायाधीशापुढे उभे न करता झटपट परत पाठवण्याची जी तरतूद आहे, ती सध्या सीमेपासून शंभर मैलांच्या आत, चौदा दिवसांत सापडलेल्यांना लावतात. १९९६ चा तोच कायदा ती देशात कोठेही, दोन वर्षांपर्यंतच्या वास्तव्याला लावण्याची मुभा देतो, आणि त्यासाठी नुसती अधिसूचना पुरते. स्थानिक पोलिसांना या कामासाठी जुंपण्याचे करारही त्याच कायद्यात आहेत.

उलट बाजूला पाहा. तीन आणि दहा वर्षांची बंदी उठवायची तर कायदा बदलावा लागेल. पंधरा वर्षे राहिलेल्या सज्जन माणसाला कर भरून घेऊन टिकाऊ दर्जा द्यायचा तर नवा कायदा लागेल. थोडक्यात, ट्रम्प यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक मवाळ शब्द काँग्रेसच्या मर्जीवर अवलंबून आहे आणि जहाल शब्दांपैकी निम्मे तरी केवळ सहीवर. म्हणून ते मनाने ऑस्टिनचे आहेत की फिनिक्सचे, या चर्चेत मी वेळ घालवत नाही.

---

कॅरीकर | ४ सप्टेंबर २०१६

कलमबहाद्दर, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक शंका आहे. ‘डाका’ ही योजना स्वतः मवाळ होती आणि ती ओबामांनी काँग्रेसला बाजूला ठेवून, सहीनेच आणली. मग मवाळपणाला कायदा लागतो आणि जहालपणाला सही पुरते, हा आपला भेद टिकतो का?

दुसरे म्हणजे, एवढ्या माणसांना हद्दपार करायला यंत्रणा तरी आहे का? नसेल, तर जहाल बाजूही निम्मी भाषणातच राहील.

---

कलमबहाद्दर | ४ सप्टेंबर २०१६

रास्त शंका. सहीने दिलेला मवाळपणा सहीनेच जातो आणि न्यायालयात सहज अडकतो. २०१४ साली ओबामांनी नागरिक मुलांच्या आईवडिलांसाठी अशीच मोठी योजना जाहीर केली. टेक्साससह सव्वीस राज्ये न्यायालयात गेली आणि या २३ जूनला सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाल्याने ती सुरू होण्याआधीच थांबली. हद्दपारीचे तसे नाही. विमानात बसवलेला माणूस पुढच्या अध्यक्षाच्या सहीने परत येत नाही.

यंत्रणेविषयी: ओबामांच्याच काळात २०१२-१३ च्या सुमारास वर्षाला चार लाखांहून अधिक लोक परत पाठवले गेले, आणि त्यावरूनच त्यांना लॅटिनो संघटनांनी ‘हद्दपारीचे सरदार’ अशा अर्थाची पदवी दिली होती. तो वेग आजवरचा जवळपास कमाल वेग आहे. अमेरिकन अ‍ॅक्शन फोरम या उजवीकडे झुकणाऱ्या संस्थेनेच गेल्या वर्षी हिशेब मांडला की सर्वांना घालवायला सुमारे वीस वर्षे आणि ४०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील. स्थलांतर न्यायालयांत पाच लाखांच्या वर प्रकरणे तुंबली आहेत आणि न्यायाधीश तीनशेसुद्धा नाहीत. गेल्या वर्षी हजारो लोकांना त्यांची सुनावणी २९ नोव्हेंबर २०१९ रोजी होईल अशी पत्रे आली. सगळ्यांना तीच एक तारीख, आणि तीही थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाची. तारीख खरी नव्हती, फायली ठेवायला एक कप्पा हवा होता इतकेच. माझ्या हाताखालून अशी पत्रे गेली आहेत आणि ती घेऊन येणारा माणूस दर वेळी एकच विचारतो: तोपर्यंत मुलीला शाळेत घालू ना?

तेव्हा ‘सर्वांना’ घालवणे जमणार नाही, हे मीही मानतो. पण कोणालाही केव्हाही उचलता येईल अशी स्थिती आणायला सर्वांना उचलावे लागत नाही.

---

सोनोरन (चँडलर, अ‍ॅरिझोना) | ५ सप्टेंबर २०१६

फिनिक्सची सभा माझ्या घरापासून पाऊण तासावर झाली. व्यासपीठावर ट्रम्प यांच्या आधी मॅरिकोपा परगण्याचे शेरीफ जो अर्पायो बोलले. हे तेच अर्पायो, ज्यांच्या खात्याने वंश पाहून लोकांना अडवले असे संघीय न्यायाधीशाने २०१३ साली ठरवले, ज्यांना या मे महिन्यात न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले गेले आणि ज्यांच्यावर फौजदारी कारवाई व्हावी यासाठी न्यायाधीशांनी दोनच आठवड्यांपूर्वी प्रकरण पुढे पाठवले. उमेदवाराची भूमिका शब्दांतून कळत नसेल तर त्याने शेजारी कोणाला उभे केले आहे ते पाहावे, असे मला वाटते.

‘आपल्याशी संबंध किती’ या तिसऱ्या प्रश्नावर आमच्या गावाचीच हकिकत सांगतो. जुलै १९९७ मध्ये चँडलरच्या पोलिसांनी सीमा सुरक्षा दलाला सोबत घेऊन पाच दिवस शहराच्या जुन्या भागात धरपकड केली. ४३२ जणांना पकडून परत पाठवले. त्या मोहिमेत अडवलेल्यांमध्ये अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते, कायदेशीर रहिवासी होते. सावळा रंग आणि स्पॅनिश बोलणे एवढे संशयाला पुरे झाले. कोणाला किराणा दुकानाच्या दारात, कोणाला घराबाहेर थांबवून कागद मागितले. नंतर खटला झाला आणि शहराने तडजोडीची रक्कम मोजली. त्या वेळी इथे आपली मंडळी फारशी नव्हती. आज इंटेलच्या कारखान्याच्या आजूबाजूला प्रत्येक वस्तीत आहेत, आणि अंगावरचा रंग पाहून पोलिसाला तेलुगू, मराठी आणि मेक्सिकन यांतला फरक कळेल अशी खात्री मला कोणी देऊ शकणार नाही. २०१० साली राज्याने ‘कागद दाखवा’ हा कायदा केला तेव्हा आमच्या संकुलातल्या अनेकांनी पारपत्राची प्रत गाडीच्या खणात ठेवायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्या कायद्याची बरीच कलमे उडवली, पण नेमके ते कलम शाबूत राहिले. माझ्या गाडीत ती प्रत अजून आहे, आणि मी नागरिक आहे.

ओक-ट्री यांना एक विनंती. ‘गुन्हेगारांना आधी’ हे मलाही मान्य आहे, पण ट्रम्प फिनिक्समध्ये जो २० लाखांचा आकडा सांगतात तो तपासून घ्या. गृह-सुरक्षा खात्याचा मूळ आकडा १९ लाखांचा होता आणि त्यात ग्रीन कार्डधारक व वैध व्हिसावर असलेले गुन्हेगारही धरले होते. मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रांविना राहणाऱ्यांपैकी गुन्ह्यात दोषी ठरलेले सुमारे ८ लाख २० हजार, आणि त्यांतही गंभीर गुन्ह्याचे सुमारे ३ लाख. मग २० लाखांचा भरणा कोठून करणार?

---

ओक-ट्री | ५ सप्टेंबर २०१६

आकड्याबाबत सोनोरन यांचे म्हणणे मला अमान्य नाही, पण तीन लाख गंभीर गुन्हेगार हा आकडा लहान आहे का? ते तीन लाख आज कोठे आहेत, हे हिलरी क्लिंटन यांना कोणी विचारते का?

आणि घूमजावाचा हिशेब दोन्हीकडे मांडा. क्लिंटन यांनी २००३ साली एका रेडिओ मुलाखतीत आपण बेकायदा स्थलांतराच्या ठाम विरोधात असल्याचे सांगितले, २००६ साली सीमेवरच्या कुंपणाच्या कायद्याला मत दिले. ऑक्टोबर २००७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वादचर्चेत कागद नसलेल्यांना वाहन परवाना द्यावा का, या एका प्रश्नावर एकाच रात्री दोन्ही बाजूंनी बोलल्या. आधी बाजूने, मग विरोधात, आणि गेल्या वर्षी पुन्हा बाजूने. २०१४ च्या उन्हाळ्यात मध्य अमेरिकेतून एकटी आलेली मुले परत पाठवली पाहिजेत म्हणाल्या, आणि या मार्चमध्ये मायामीच्या चर्चेत मुलांना हद्दपार करणार नाही असे वचन देऊन आल्या. ट्रम्प पंधरा दिवसांत फिरले म्हणून दिसले. त्या पंधरा वर्षांत फिरल्या म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

---

भीमाकाठची (ह्यूस्टन, टेक्सास) | ५ सप्टेंबर २०१६

ओक-ट्री यांनी दिलेला क्लिंटन यांचा इतिहास खरा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. क्लिंटन फिरल्या त्या त्यांचा पक्ष ज्या दिशेला सरकला त्या दिशेला, एकदाच्या. उद्या त्या कोठे असतील याचा अंदाज बांधता येतो. २००८ चे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांचेही तसेच झाले: २००६-०७ मध्ये स्थलांतर सुधारणेचे विधेयक त्यांच्या नावाने ओळखले जात होते, आणि जानेवारी २००८ च्या चर्चेत ते स्वतःच्या विधेयकाला आज मत देणार नाही म्हणाले. रॉम्नी यांनी २०१२ साली, लोक कंटाळून आपणहून निघून जातील, असे धोरण मांडले आणि हिस्पॅनिक मतांपैकी जेमतेम २७ टक्के पदरात पडली. निवडणूक हरल्यावर त्या धोरणाला वेडेपणा म्हणणाऱ्यांत पहिले कोण होते? डोनाल्ड ट्रम्प. नोव्हेंबर २०१२ मध्ये. तो माणूस तीन वर्षांत हद्दपारी दलापर्यंत पोहोचला, आणि मग ऑस्टिनला, आणि मग फिनिक्सला. ही दिशा नव्हे. समोर ज्या सभागृहात जे लोक बसले असतील त्यांच्याकडे तोंड फिरवणे आहे.

आपल्याशी संबंध पाहायचा तर ३ मार्चची डेट्रॉइटची चर्चा आठवा. एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी कामगारांच्या व्हिसावर ट्रम्प यांचे लेखी धोरण कडक होते. मंचावर त्यांना विचारताच, आपण बदलत आहोत, आपल्याला कुशल माणसे हवीत, असे ते स्पष्ट म्हणाले. आमच्या घरी पुतण्याने तिथल्या तिथे टाळी वाजवली. चर्चा संपून काही तास होतात न होतात तोच त्यांच्या कचेरीचे निवेदन आले की एच-१बीचा स्वस्त मजुरीसाठी होणारा वापर आपण कायमचा बंद करू. फ्लोरिडात डिस्नेच्या कर्मचाऱ्यांना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवून मग घरी जावे लागले, ही गोष्ट त्यांच्या सभांतून सतत सांगितली जाते, आणि ते येणारे बहुतांशी कोण होते हे आपण सर्व जाणतो. तो अन्याय खरा आहे. त्यावरचा उपाय काय, हे मात्र डेट्रॉइटच्या त्या एका रात्रीत दोनदा बदलले.

आणखी एक. फिनिक्सच्या दहा कलमांपैकी पहिल्या नऊवर सगळे तुटून पडले आहेत. दहावे कोणी वाचलेले दिसत नाही. त्यात कायदेशीर स्थलांतराचे प्रमाण ‘ऐतिहासिक सरासरी’च्या मर्यादेत आणण्यासाठी आयोग नेमण्याचा प्रस्ताव आहे. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण सध्या लोकसंख्येच्या १३ टक्क्यांच्या पुढे आहे आणि १९७० साली ते ५ टक्क्यांच्या आत होते. सरासरी कोणत्या वर्षापासून मोजायची, यावर आपल्या भाच्या-पुतण्यांचे इथे येणे ठरणार आहे. रांगेत उभ्या असलेल्यांचे कैवारी म्हणून त्यांना मत देणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

---

ओक-ट्री | ६ सप्टेंबर २०१६

दहावे कलम मी वाचले आहे. त्यात गुणवत्तेवर निवड करावी असेही लिहिले आहे, आणि गुणवत्तेवर निवड झाली तर आपली मुले मागे राहतील असे मला वाटत नाही. भावंडे आणि दूरचे नातेवाईक यांच्या कोट्यापेक्षा ती पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. एच-१बीबाबत मात्र डेट्रॉइटचा खुलासा मलाही हवा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

कॅरीकर | ६ सप्टेंबर २०१६

सर्वांचे आभार. हा धागा आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचला. दहा वर्षांच्या बंदीविषयी आम्हाला काहीही माहीत नव्हते. सीएनएनवरच्या ‘बाहेर जा आणि परत या’ या वाक्यात आम्हाला समंजसपणा दिसला होता, तो आता दिसत नाही. सौ.चे मत ठरले आहे. माझे अजून पूर्ण ठरलेले नाही, कारण ओक-ट्री यांनी १९८६ बद्दल जे लिहिले त्याला इथे कोणी उत्तर दिले नाही, आणि क्लिंटन पुन्हा तेच आधी माफी मग कारवाई असे करणार नाहीत याची हमी मला कोठे दिसत नाही.

२६ सप्टेंबरला दोघे पहिल्यांदा समोरासमोर येतील. भिंतीचे पैसे कोण देणार यावर अर्धा तास घालवण्यापेक्षा ‘डाका’च्या सात लाख मुलांची जमा झालेली माहिती तुम्ही हद्दपारीसाठी वापरणार का, होय की नाही, एवढे ट्रम्प यांना विचारले तर बरे होईल.

---

कलमबहाद्दर | ६ सप्टेंबर २०१६

१९८६ च्या मुद्द्याला उत्तर देणे मलाही अवघड आहे, कारण मालकांवर कारवाई झाली नाही हे खरेच आहे. एवढे मात्र नमूद करतो की २०१३ च्या विधेयकात नागरिकत्वाला तेरा वर्षे लागणार होती आणि ग्रीन कार्ड मिळण्याआधी सीमेवरची व मालकांच्या तपासणीची कामे पूर्ण व्हावी लागणार होती. ते पुरेसे होते की नाही यावर मतभेद होऊ शकतात. १९८६ ची ती नक्कल नव्हती.

आणि तुमचा ‘डाका’चा प्रश्न क्लिंटन यांनाही विचारावा. त्यांनी योजना चालू ठेवली तरी ती पत्रकच राहील, आणि चार किंवा आठ वर्षांनी येणाऱ्या पुढच्या माणसाच्या टेबलावर तीच यादी असेल.